सहावा रकाना

कुर्टीच्या चढावर, टायरवाल्याच्या पलीकडे
बोस्त्यांव रिबेलोचं दुकान: जुने पार्ट.
पाटीच इतकी गंजलेली
की वाचायची गरज पडत नाही.
सोळा वर्षं मी तिथे गल्ल्यावर बसते.
पात्रांव म्हणायचा, लोखंडाला आईबाप नसतात, बाय.
तिन्हीसांजेला कुणी यायचं,
पोत्यातून आरसे काढायचं,
काचेवर अजून दुसऱ्याच कुणाच्या गावची धूळ,
आणि आम्ही वजन विचारायचो. नाव नाही.

मग कायदा आला.
पोलीस ठाण्यातून शिक्क्याची वही आली,
निळ्या पुठ्ठ्याची, पानं मोजलेली.
तारीख. विकणाऱ्याचं नाव. ओळखपत्र.
वस्तू. तिच्यावरचा नंबर.
आणि सहावा रकाना, बाकीच्यांहून रुंद:
कुठून मिळाली.
पंधरा दिवस वस्तू मांडणीवर ठेवायची,
विकायची नाही, घासायची नाही,
रंगाचा हात फिरवायचा नाही.

पहिला महिना दुकानात माशा.
ज्यांची पोती जड असत
त्यांना एकाएकी घाटापलीकडचे नातेवाईक आठवले.
जे आले ते सांगत गेले, मी लिहीत गेले:
मेव्हण्याची गाडी.
उसगावला पुरात बुडाली.
आजोबा गेले, आता चालवणार कोण.
एकाने लिहायला लावलं, बायको नको म्हणते.
देवळातल्या नाटकाच्या नकला मीच उतरवायचे,
तेव्हा कळतं मला,
संवाद कुठला पाठ करून आणलेला आहे ते.

चवथीला आठ दिवस असताना एक पोरगा
टॅक्सीचा दरवाजा घेऊन आला, मागचा, डावा.
दरवाजावर नंबर कुठून असणार?
इंजिनाला असतो, चासीला असतो,
दरवाजाला नुसते हात लागलेले असतात.
पाचव्या रकान्यात मी आडवी रेघ मारली.
सहाव्यासाठी तो म्हणाला, काकाच्या गाडीचा.
काकाचं नाव सांगताना वर पंख्याकडे बघत होता.
मी नाव लिहिलं.
पंख्यासाठी रकाना नव्हता.

बाराव्या दिवशी म्हार्दोळचा फोंडू जल्मी आला,
बरोबर एक हवालदार.
टॅक्सी जाऊन चार महिने झालेले.
ज्याची गेली त्याने वही मागावी,
कायद्यात अशी एक ओळ आहे,
ती त्याने घडी घालून खिशात ठेवली होती.
दरवाजापाशी उभा राहिला, हात न लावता.
पात्रांवला म्हणाला, तूं उगड.
पात्रांवने हँडल ओढलं. काही हललं नाही.
हवालदाराने ओढलं, मग जोर लावून ओढलं.
फोंडूने हँडल आधी वर उचललं,
जरासा थांबला, मग बाहेर,
आणि कुलपाची जीभ टक्क करून आत गेली.
"वयर, मागीर भायर," तो म्हणाला,
बावीस वर्षं गिऱ्हाइकांना म्हणत आला असेल तसंच,
मान न वळवता.

हवालदाराने काय लिहावं याचा बराच वेळ विचार केला.
शेवटी दरवाजा फोंडूचा ठरला.
बाकीची गाडी कुठे,
कुणाच्या वहीत, की वही न पोचलेल्या गावात,
ते कुणी बोललं नाही.
मासळीच्या रिक्षात आडवा घालून
त्याने दरवाजा घरी नेला.

त्या रात्री शटर अर्धं ओढून
मी वही पुन्हा उघडली.
माझ्या स्कूटरचा कार्बोरेटर
याच मांडणीवरून घेतलेला, कायद्याच्या कितीतरी आधी,
अडीचशेला. पात्रांवने पन्नास सोडले होते.
तारीख अंदाजे घातली.
घेणारी: प्रेमावती गांवस.
नंबर घासलेला, अर्धा सात दिसतो.
पानं मोजलेली आहेत, फाडता येणार नाही,
हे ठाऊक असून सहाव्या रकान्यात लिहिलं:
विचारलं नाही.
तेवढं लिहूनही
पुष्कळ जागा उरली.

बाहेर स्कूटर
पहिल्याच किकेला सुरू झाली.